गुडघ्याची ठोक

फरशी बसवावी ती या मिस्त्रीनेच, असं लोक म्हणायचे ते काही उगाच नाही. बाकीचे रबरी हातोडीने फरशी ठोकतात. हा पठ्ठ्या फरशी मांडून उजव्या गुडघ्याने एकच ठोक द्यायचा, की फरशी बसलीच म्हणून समजा. हातोडी नवशिक्यांनी घ्यावी, असं तोऱ्यात सांगायचा. शेवटी गुडघ्यावर लिंबाएवढी सूज आली आणि सगळा तोरा जिरला.

फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, वाटीपुढची पाण्याची पिशवी सुजली आहे, महिनाभर गुडघा टेकलात तर धंद्याला रामराम ठोका. मिस्त्री हबकलाच. फरशीखेरीज त्याला येत होतं काय? घरी करायला व्यायाम मिळाले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, मग उताणं पडून पाय सरळ ठेवत हळूहळू उचलायचा.

कामावर त्याच्याऐवजी लेक जाऊ लागली. बापाच्याच हाताखाली तयार झालेली. पण रोज सकाळी कामाला जायच्या आधी ती बापाशेजारी सतरंजी टाकून तेच व्यायाम करायची. पाय वर घ्या, घोरू नका, म्हणून वर चिडवायची. पोरीची माया बघ, असं मिस्त्री बायकोला कौतुकाने सांगायचा. बायको नुसतं हूं म्हणायची.

महिन्याने सूज उतरली. शेवटच्या भेटीला लेकही सोबत होती. आता कामाला लागण्याआधी नेमकं कसं बसता ते दाखवा, असं बाई म्हणाल्या. ही अगदी माझ्यासारखीच बसते, म्हणत मिस्त्रीने मोठ्या ऐटीत लेकीला पुढे केलं. ती खाली बसली, सवयीने गुडघ्याची ठोक दिली आणि कळवळली. बाईंनी तिच्या पॅन्टचा पाय वर सरकवला. त्याच जागी, तेवढंच लिंबू.

मिस्त्री वाकून तिचा गुडघा बघू लागला. त्याने विचारलं, "कधीपासून?"

"तुमचे व्यायाम सुरू झाले त्याच्याही आधीपासून," लेक खाली बघत म्हणाली. "हातोडी घेतली असती तर तुम्ही हसला असतात, बाबा."

रोज सकाळी हातभर अंतरावर पोर पाय उचलत होती, आणि आपण माया माया करत बसलो!

घरी जाताना तो दुकानात शिरला आणि रबरी हातोडी मागितली. मिस्त्री, तुम्ही आणि हातोडी, म्हणून दुकानदार हसायला लागला. मिस्त्री हसला नाही.

"हलकी द्या," तो म्हणाला. "मुलीच्या हाताला पेलेल अशी."