भालकीत रंगवलेलं डकोटा

कॉम्प्युटर क्लास चालवला की शिकलेली पोरं पुण्याला-हैदराबादला निघून जातात, किस्से मात्र मास्तराकडेच राहतात. माझ्याकडे ते इतके साठलेत की एक काढायला गेलो की मागचे चार आपोआप बाहेर पडतात! सीमाभागातल्या भालकीच्या बसस्टँडसमोर, जिन्यावरच्या खोलीत माझा क्लास होता. पाच कॉम्प्युटर, त्यातले तीन चालू. तिथले सगळ्यांत भारी किस्से दोन माणसांचे आणि एका विमानाचे. माणसं खरी, विमान कॉम्प्युटरमधलं.

*

पहिला माणूस बसवराज पेंटर. आमचा बसू. संतपूरपासून उदगीरच्या रस्त्यापर्यंत निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. मराठी, कन्नड आणि उर्दू, तिन्ही लिहायचा. उर्दू त्याला वाचता येत नव्हतं, पण अक्षर असं की मौलवीसाहेब सायकल थांबवून बघायचे!

मग फ्लेक्सचं मशीन आलं आणि सहा महिन्यांत बसूचे ब्रश वाळले. चाळिशीतला माणूस एक दिवस जिना चढून वर आला. म्हणाला, "सर, फोटोशॉप शिकवा."

मी फॉन्टची लांबलचक यादी उघडून दाखवली. बसूनं ती शांतपणे बघितली, बंद केली आणि माऊस धरून स्क्रीनवर हातानं 'श्री' काढला. वेलांटीसकट! माझ्याच्यानं माऊसनं साधी सरळ रेघ येत नव्हती.

"फॉन्ट कामून पायजे, सर?" बसू म्हणाला. "हात हाय की!"

*

माझा धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला होता. त्यानं फ्लाइट सिम्युलेटरची सीडी पाठवली. कीबोर्डवर बसून विमान उडवायचं. क्लासची पोरं दोन मिनिटांत विमान पाडायची. बसू उडवायचाच नाही. तो नुसतं रंगकाम बघत बसायचा.

अशात एक दिवस ठाणाकुशनूरचे तुळशीरामअप्पा आले, नातीच्या रिझल्टची प्रिंट काढायला. घर मेंढरं राखणाऱ्यांचं, पण अप्पा अठराव्या वर्षी हवाई दलात गेले आणि वीस वर्षं डकोटा विमानांवर फिटर होते. ही दोन पंख्यांची जुनी मालवाहू विमानं. अप्पांनी बसूच्या स्क्रीनला जवळजवळ नाक लावलं.

"हे डकोटा हाय. पण रंग कुणाचा घातलाय ह्याला?"

"फॉरेनचा आहे, अप्पा. गेममध्ये असाच येतो."

"मंग आपला घाला की!"

ते किती अवघड आहे हे दाखवायला मी रंगाची फाईल उघडली. त्यात अख्ख्या विमानाचं बाहेरचं अंग सपाट पसरलेलं असतं. पंख एकीकडे, पोट एकीकडे, शेपूट तिसरीकडेच. ते कुठं कसं जुळतं हे कळायला मला पंधरा दिवस लागले होते.

अप्पांनी एकदाच बघितलं. "हां, कातडं सोलून वाळत घातल्यावानी हाय. ह्यात काय अवघड? परत त्याच्यावर चढवायचं!"

*

बसूनं विचारलं, "अप्पा, जुना फोटो आहे का विमानाचा?"

"फोटो कुठला? तिथं कॅमेरा नेऊ देत नव्हते. सगळं डोळ्यात हाय." मग म्हणाले, "आन् डोळेच चाललेत. गुलबर्ग्याच्या डॉक्टरनं सांगितलंय, डावा गेला, उजवा जायलाय. काय करायचं ते लवकर करा."

त्या दिवसापासून बसूनं बाकीची कामं बाजूला सारली. दर गुरुवारी अप्पा औरादच्या एसटीनं यायचे, स्टूल ओढून स्क्रीनसमोर बसायचे आणि एकेक रंग नापास करायचे!

पहिल्या गुरुवारी पंखांवरचा तिरंगी गोल नापास झाला. "हा केशरी इलेक्शनच्या बॅनरचा हाय, बसू. विमानाचा न्हाई."

बसूचा चेहरा पडला. त्यानं खरोखरच तो बॅनरच्या फाईलमधून उचलला होता!

*

खरा घोळ चांदीचा. डकोटाचं अंग चंदेरी, डोक्यावर तेवढा पांढरा रंग. ऊन लागून आत तापू नये म्हणून. पांढरा सोपा, पण चंदेरी काही केल्या जमेना. बसूनं दहा प्रकारचे राखाडी करून बघितले.

"हे सिमेंट झालं," अप्पा म्हणायचे. पुढच्या गुरुवारी, "हे बी सिमेंटच. जरा भारीतलं."

शेवटी अप्पांनी विचारलं, "घरी जर्मनचं पातेलं हाय का? लई वापरलेलं?"

बसू घरी गेला आणि बायकोचं भाताचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं उचलून घेऊन आला. आत अजून भात चिकटलेला! ते आम्ही गच्चीवर नेलं, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी त्याचे फोटो काढले. घासून घासून पडलेले बारीक ओरखडे, कडेला दबलेली चमक, सगळं बसूनं स्क्रीनवर उतरवलं.

अप्पांनी बघितलं. मग स्क्रीनवरच्या पंखावरनं हात फिरवला.

"व्हय," म्हणाले. "हेच."

तिकडं बसूची बायको शारदाअक्का क्लासच्या दारात उभी! "पातेलं द्या आधी! तुमचं इमान उडंल न्हाई तर राहील, माजी लेकरं उपाशी हायत!"

*

अप्पांनी सांगितलेला विमानाच्या नाकावरचा काळा पट्टा काढताना बसू म्हणाला, "अप्पा, विमानाला बी तीट लावतात व्हय?"

"तीट न्हाई रं. समोरचा पत्रा चमकून पायलटच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून काळा केलेला असतो." अप्पा थोडा विचार करून म्हणाले, "पर दृष्ट बी लागली न्हाई कधी, हे खरं!"

*

मग नंबर. या गेममध्ये डाव्या बाजूला काढलेलं उजवीकडे आपोआप उमटायचं. पण आरशातल्यासारखं उलटं! उजवीकडून विमानाचा नंबर कुणाला वाचताच येईना. मी सहज म्हणालो, "राहू दे बसू, अँब्युलन्सवर असतं तसं. पुढच्या विमानाच्या आरशात सरळ दिसेल."

बसू हसला नाही. उर्दू वाचता न येता उर्दू लिहिणारा माणूस तो, अक्षर चुकलेलं त्याला सहन होत नसे. महिनाभर खटपट करून त्यानं उजवी बाजू वेगळी जोडायची युक्ती शोधून काढली. मी शिकवली नव्हती. मला येतच नव्हती! त्या दिवसापासून क्लासमध्ये 'सर' कोण, हा प्रश्नच होता.

*

विमान तयार झालं. अप्पांनी नाक मुरडलं. "हे शोरूममधलं हाय. उडालेलं न्हाई."

बसूनं आठवडाभर राबून इंजिनामागं तेलाचे ओघळ काढले, दारात बुटांच्या खुणा, चाकांवर चिखल. एकदम खरं! पुढच्या गुरुवारी मोठ्या अभिमानानं दाखवलं.

अप्पा स्टुलावरनं उठलेच. "एवढा मळ? माझ्या विमानावर? मी काय झोपा काढायलो होतो तिथं?"

ओघळ निम्मे पुसले, तेव्हा कुठं पास!

*

पहिलं उड्डाण अप्पांनीच करायचं असं ठरलं. वीस वर्षं विमानाभोवती काढली, पण पायलटच्या सीटवर बसून उडायचा प्रश्नच कधी आला नव्हता. मी खुर्ची पुढं केली. अप्पा बसेनात. टेबलाभोवती एक पूर्ण चक्कर मारली. मॉनिटरची मागची बाजू बघितली, वायर ओढून बघितली, खाली वाकून टेबलाचे पाय तपासले.

"अप्पा, काय शोधायलाव?" बसूनं विचारलं.

"शोधत न्हाई. बघायलोय. बघितल्याबिगर कुणाला वर सोडलं न्हाई मी कधी."

टेबलाचा एक पाय हलत होता, वाकून त्याखाली कागदाची घडी सरकवली आणि मगच खुर्चीत बसले. "आता ओके!"

*

शेवटी अप्पांनी बसूला एक काम सांगितलं. दाराच्या खाली तळहाताएवढं ठिगळ काढायचं. पत्र्याचा रंग एक छटा गडद, आणि खालच्या ओळीतला तिसरा रिव्हेट, म्हणजे पत्रा जोडायची खिळी, जरासा तिरपा.

"अप्पा, एवढं बारीक कुणाला दिसणार न्हाई," बसू म्हणाला.

"दिसायसाठी न्हाई. व्हतं म्हणून."

बसूनं काढलं. आम्ही ती फाईल इंटरनेटवर, अशा विमानांचे शौकीन जमतात तिथं टाकली. खाली दोघांची नावं आणि क्लासचा फोन नंबर. कुणीकुणी डाऊनलोड केली, दोनचार जणांनी 'नाइस वर्क' लिहिलं. झालं.

दोन महिन्यांनी, एका गुरुवारी दुपारी अप्पा सवयीनं येऊन बसले होते, तेव्हा फोन वाजला. डेहराडूनहून. थकलेला पण खणखणीत आवाज. "दरवाजे के नीचे तीसरा रिवेट टेढा है. ये किसको मालूम था?"

मी रिसीव्हर अप्पांकडे दिला. अप्पांनी नाव सांगितलं, फक्त नाव. पलीकडे अप्पांचे हवाई दलातले जुने साहेब होते, त्यांचा आवाज इतका चढला की खोलीत सगळ्यांना ऐकू यायला लागला. "तुलसीराम! बारिश में लगाया था तूने! मैंने छाता पकडा था, याद है?"

"जी सर," अप्पा म्हणाले. "पूरा भीग गये थे आप."

अप्पा कधी उठून उभे राहिले ते आम्हाला कळलंच नाही. पाठ ताठ, टाचा जुळलेल्या, एक हात पँटच्या शिवणीला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बसूनं हळूच स्टूल अप्पांच्या मागं सरकवलं आणि खूण केली, अप्पा, बसा.

अप्पांनी रिसीव्हरवर तळहात ठेवला आणि आमच्याकडे वळून बारीक आवाजात म्हणाले,

"मी कसं बसू? तिकडं साहेब उभे हायत!"