पोरगी शांत हाय!

आमच्या कामात किस्से शोधायला जावं लागत नाही. ते बाकड्यावर नंबर लावून बसलेलेच असतात. दहिवलीला माझं कान तपासायचं छोटं सेंटर आहे. शिवाय लसीकरणाच्या दिवशी मी गावोगाव जाऊन बसते. संध्याकाळी मैत्रिणी विचारतात, "आज काय झालं गं?" मी सांगते, त्या हसतात, आणि मला त्यांच्या हसण्याचाही राग येतो. राग माझ्या नाकावर असतो, कबूल. पण आधी ऐका.

एक गोष्ट डोक्यात ठेवा. बाळाला ऐकू येत नाही हे जन्मल्या-जन्मल्या कळलं, आणि सहा महिन्यांच्या आत कामाला लागलं, तर पोर भाषा शिकतं, मग ती तोंडाची असो की हातांची. उशीर झाला की ते वय निघून जातं. परत येत नाही!

*

लोधिवलीकडची सुजाता. तिची पहिली मुलगी आरोही तीन वर्षांची झाली तरी "आई" म्हणत नव्हती. लसीकरणाच्या दिवशी सुजाता तिला माझ्याकडे घेऊन आली. सोबत सासूबाई, आणि सासूबाईंच्या पिशवीत चक्क पितळी थाळी!

"जन्मली तवाच मी थाळी वाजवून बघितली व्हती. अशी दचकली!" आजी म्हणाल्या.

अहो, खाटेला टेकून थाळी बडवली तर खाट हलते. पोर दचकणारच! मी म्हटलं, "आजी, आता वाजवा. पण लांबून आणि पाठीमागून."

आजींनी पदर खोचला आणि अशी थाळी बडवली, की बाहेर रांगेतली तीन तान्ही बाळं एकदम रडायला लागली. सिस्टर धावत आल्या. आरोही खेळण्यातल्या खांबावर रंगीत रिंगा चढवत होती. तिने पुढची रिंग चढवली.

मग आजींनी थाळी पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "पोरगी शांत हाय. पयल्यापासून गुणाची!"

*

त्याआधी दोन वर्षं सुजाता एका बालरोगतज्ज्ञांकडे खेटे घालत होती. प्रत्येक वेळी एकच उत्तर, "काही मुलं उशिरा बोलतात. थांबा." कानात साधं डोकावलंही नाही! मी त्यांना फोन लावला.

"मॅडम, आईबापांना उगाच कशाला घाबरवायचं?" डॉक्टर म्हणाले. मग जरा गप्पा झाल्या. त्यांना नुकताच पुण्यात नातू झाला होता. मी अभिनंदन केलं आणि सहज विचारलं, कान तपासले का?

"म्हणजे काय! दुसऱ्याच दिवशी! तिथे पॅकेजमध्येच असतं!"

मी फोन ठेवला. म्हणजे आपटला.

*

आरोहीचे बाबा रसायनीला केमिकल कंपनीत आहेत. माणूस सरळ. पुढच्या वेळी ते फाइल घेऊन आले. मला वाटलं, मुलीची असेल. छे! त्यांच्या स्वतःच्या कानांची! प्लॅंटमध्ये आवाज फार, म्हणून कंपनी दरवर्षी सगळ्या कामगारांचे कान तपासते. सालवार रिपोर्ट, एकावर एक लावलेले.

"माझे कान एकदम ओके हायेत मॅडम. मग हिला माझ्याकडून कसं येईल?"

सुजाताने ती फाइल मिटली. ती म्हणाली, "चूक आपलीच हाय. जन्मल्याबरोबर हिला कंपनीत लावायला पायजे व्हती!"

*

आरोहीला कानाची मशीन बसली. महिन्याभराने तिच्या आत्याचं लग्न होतं. लग्नाचा फोटो सुजाताने मला दाखवला, तर मुलीचे कान मोकळे! फोटोत वाईट दिसेल म्हणून आजींनी मशीन काढून कपाटात ठेवली होती, ती चांगली आठवडाभर. पहिल्या रांगेत आजी स्वतः मात्र जाड भिंगांचा चष्मा लावून बसलेल्या!

मी विचारलं, "आजी, तुमची डोळ्यांची मशीन नाही काढली?"

"त्याला चष्मा म्हनतात, बाई," आजींनी मला समजावून सांगितलं.

*

आणि हे यंदाचं. सुजाताला दुसरी मुलगी झाली, सरकारी दवाखान्यात, जिथे आरोही झाली होती तिथेच. दोन दिवसांच्या बाळाला घेऊन ती डिस्चार्जच घेईना. "कान तपासल्याशिवाय मी हालनार नाय!" मला फोन आला, मी गेले. नवजात बाळाचे कान तपासायचं यंत्र माझ्याकडे नाही, मला ते परवडत नाही. बाळाला मोठ्या शहरात पाठवावं लागतं आणि त्यात महिने जातात. म्हणून हेडक्लार्कना विचारलं, तुमच्याकडे आहे का हो?

"आहे ना!" ते खुर्चीत ताठ झाले. "पाच वर्षं झाली. एक ओरखडा नाही!"

"कुठे आहे?"

"कपाटात. कुलपात. बाहेर काढताना रजिस्टरवर सही लागते. बिघडलं तर सही करणाऱ्याच्या अंगावर. कोण करतंय सही?"

"मी करते! मी चालवते!"

"तुम्ही बाहेरच्या."

माझा आवाज चढला, तसा त्यांचाही चढला. "मॅडम, आमची निगा बघा तरी! दर खंडेनवमीला मशीन बाहेर काढतो. हळदकुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो." आणि पुरावा म्हणून त्यांनी मोबाइल पुढे केला. यंत्र आलं त्या पहिल्या वर्षीचा फोटो. टेबलावर यंत्र, गळ्यात हार, भोवती सगळा स्टाफ, हेडक्लार्कांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स.

सुजाताने बाळ एका हातावर घेतलं आणि मोबाइल स्वतःकडे वळवला. पेढ्यांचा बॉक्स बोटाने मोठा करून बघितला.

"ही खंडेनवमी पाच वर्सांमागली ना, साहेब?"

"हो, मशीन तेव्हाच आलं."

"माझी आरोही त्याच्या आदल्या दिवशी झाली. मी हितंच व्हते, वॉर्डात. तुमी सोता पेढा आनून दिला. मी इचारलं, कसला? तुमी म्हनलात, नवीन मशीन आली."

हेडक्लार्कांनी मोबाइल खिशात टाकला.

"ग्वाड व्हता," सुजाता म्हणाली, आणि तिने मोकळा हात पुढे केला. "आता चावी द्या."