मास्तरांची हमी

निजामाच्या हद्दीपलीकडून, इंग्रजी अमलातल्या मुलखातून आलेल्या एका नामांकित मराठी लेखकाने परभणीच्या साहित्य संमेलनात आमच्या मास्तरांना फसवले. मास्तरांनी हा शब्द कधी वापरला नाही. मी वापरतो.

मास्तरांना भाव करता येत नसे. बाजारात बाई वांग्यांचा जो पहिला भाव सांगेल, तो देऊन ते चालू लागत. मी सरकीच्या सौद्यावर उभा राहिलेला माणूस, मी भडकायचो. ते म्हणत, "ती खोटं कशाला बोलंल, मारोती?"

सरकारी शाळेत सगळे उर्दूतून. मास्तर देवळाच्या ओवरीत मराठी शाळा चालवत. मी मोंढ्याच्या बाजारात पोती वाहत होतो तेव्हा त्यांनीच मला बसवून बाराखडी शिकवली. त्या शाळेखेरीज त्यांच्याजवळ काही नव्हते.

निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर परवानगी लागे. संमेलनाला ती मिळाली, पण पोलीस अमीन अडून बसले. सरकारविरुद्ध कोणी बोलणार नाही, असा मुचलका गावातल्या एकाने लिहून द्यायचा होता. वकीलमंडळी खाली बघू लागली. मास्तरांनी सही केली.

"तुमी कशाला अडकायलात?" मी विचारले. "त्यो बाहेरचा पाहुणा काय बोलंल, तुमाला काय ठावं?"

"लिहिणारा माणूस हाय, शब्दावर जगतो. तू तुझी सरकी बघ."

संमेलनाच्या दिवशी मास्तर घरच्या लग्नासारखे वावरले. सकाळपासून एकेका लेखकाला ऐकताना त्यांचे ओठ हलत होते. एका लांबलेल्या कवितेला मी जांभई दिली, तर त्यांनी कोपराने ढोसले. पंगतीत त्या पाहुण्याला त्यांनी स्वतः वाढले आणि मुचलक्याचे कानावर घातले. पाहुण्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, कथेबाहेर एक शब्द बोलणार नाही." मी शेजारच्याच पानावर होतो.

दुपारी तो थोडा वेळ कथेवर बोलला आणि मग पोरांची मायबोली हिसकावणाऱ्या सरकारवर घसरला. मांडवभर टाळ्या. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला होता, तरी टाळ्या त्यांनीही वाजवल्या. मला म्हणाले, "बोलायलाय ते खरंच हाय की."

पाहुणा हार घेऊन संध्याकाळच्या गाडीला गेला. स्टेशनवर जाऊन त्याला डब्यातून ओढायला मी निघालो होतो. मास्तरांनी बाही धरली. "त्यांची गाडी चुकवू नको. लय लांब जायचंय त्यांना."

दुसऱ्या दिवशी अमीन मास्तरांना घेऊन गेले आणि ओवरीला सरकारी कुलूप लागले. मास्तर तुरुंगातून सुटले ते खोकतच. पोरे पांगली होती. तरी ते शाळेच्या वेळेला ओवरीपर्यंत जात, पायरीवर बसत आणि घरी येत. मला बजावून ठेवले होते, "शाळेचं त्यांना कळवू नको. उगी जिवाला लावून घेतील." निजामाचे राज्य जायच्या आधीच मास्तर गेले.

मग मी कळवले, रजिस्टर पत्राने. उत्तर नाही. आता त्या लेखकाच्या आठवणींचे पुस्तक आले आहे. निजामी मुलखात आपण कसे न भिता बोललो, यावर त्यात अख्खे प्रकरण आहे. मास्तर त्यात कुठेच नाहीत.

साहेब, तुम्ही भ्याला नाहीत, हे मान्य. तुमच्या बोलण्याची शिक्षा कोणी भोगली, ते लिहा. मास्तरांची बायको परभणीतच आहे. ओवरीत पहिली पाटी तिनेच धरली होती, तिला वाचता येते. जबाब तिला द्या, आणि छापून द्या.