मूठभर सिमेंट

भिंत बांधून झाली की मिस्त्री करणीच्या मुठीनं तिला दोनदा ठोकायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "बसली." जणू भिंत नव्हे, लांबून दमून आलेली पाहुणी.

आमच्या प्रयोगशाळेचं काम मात्र भिंती पाडायचं. लांब लोखंडी नळ्यात हवा दाबून भरायची. तोंडावरचा पत्रा फाटला की स्फोटासारखा झटका समोरच्या भिंतीवर बसतो. ती कितव्या झटक्याला तडकते, हे मी मोजायचो. तुम्ही तिथं आला असतात तर नळ्याकडे पाहिलं असतंत. मी मिस्त्रींकडे पाहायचो. झटक्याच्या वेळी ते बाहेर लिंबाखाली पाठमोरे बसत. भिंत पडली की डबा उघडत नसत. पाडायचीच होती तर मला कशाला बलावलं, एखादा बिगारी बघायचा, असं मलाच सुनावायचे. उभी राहिली की सगळ्यांना चहा.

ते राणीसावरगावाकडच्या एका वस्तीवरचे. वस्तीलगत दगडखाण निघणार होती. तिच्या सुरुंगांनी तिथली घरं टिकतील का, हे तपासायचं काम आमच्याकडे आलं. मी मिस्त्रींना एवढंच सांगितलं, तुमच्याकडे असते तशी दगडमातीची भिंत बांधा. कशाला, असं त्यांनी विचारलं. खरं सांगितलं तर खाण अडावी म्हणून मुद्दाम कच्ची बांधतील, अशी मला शंका.

"असंच, अभ्यासाला," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी खिडकीतून दिसलं. मिस्त्री इकडंतिकडं बघत चिखलात मूठमूठ सिमेंट कालवत होते. साहेब लोकांसमोर आपल्या हातची भिंत ढासळू नये, एवढाच त्यांचा स्वार्थ. थांबवायला हवं होतं. पण भिंत वाळायला पंधरवडा लागणार, आणि तेवढाच धरून अहवालाची तारीख ठरली होती; पाडून नव्यानं बांधायला दिवस उरत नव्हता. मी खिडकी लावून घेतली. झटके खाऊनही भिंत उभी राहिली. मिस्त्रींनी पाजलेला चहा मी प्यायलो, आणि घरांना धोका नाही असं लिहून सही केली.

खाण सुरू झाली. पाचव्या महिन्यात सुरुंगाच्या हादऱ्यानं मिस्त्रींच्याच घराची मागची भिंत पडली. तिच्याखाली त्यांची बायको शेंगा निवडत बसली होती.

पंचनाम्याच्या वेळी अहवाल निघाला, तेव्हा ती भिंत कशासाठी होती ते त्यांना कळलं. चौदावा उरकून ते माझ्याकडे आले. मी शिव्यांची वाट पाहत उभा राहिलो. त्यांनी दार लोटलं आणि हात जोडले.

"साहेब, त्या भिंतीत मी सिमेंट घातलं होतं. तुमाला चोरून. तुमी खरं धरून लिवलं, तुमची काई चुकी न्हाई. माज्यामुळं गेली ती."

मी पाहिलं होतं, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. "जाऊ द्या, मिस्त्री," म्हणालो. 'मी पाहिलं होतं' हे वाक्य आज पहिल्यांदा लिहितो आहे.

त्यांनी पुन्हा करणी धरली नाही. लेकीकडे ताडकळसला जाऊन राहिले आणि गेल्या उन्हाळ्यात तिथंच वारले. मी लेकीला भेटायला गेलो तेव्हा तिनं चटई टाकली, चहा केला. म्हणाली, "बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, साहेब लय मोठ्या मनाचा माणूस हाय. एवढं झालं, पर मला एका शब्दानं बोलला न्हाई."