दोन मित्र, एक पैलवान आणि आमचं व्यसनमुक्ती केंद्र

कोल्हापुरात व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे म्हटलं की लोक चेहरा पाडतात. "लई दुःख बघत असशील!" बघतो की. पण इथल्याइतकं हसायला लग्नघरातही मिळत नाही. पोटात किती साठवायचं? म्हणून सांगतो.

*

एके सकाळी कबनूरचा महादेव आला. यंत्रमागावरचा कामगार. रातपाळीत जागं राहायला गोळ्या, झोपायला गांजा. कानाशी येऊन म्हणाला, "सर, भायेर माझा दोस्त सदा बसलाय. त्याला दाखल करा. पेशंट बघायला जायचंय म्हणून फसवून आणलंय. बोलू नगा!"

तो बाहेर गेला आणि सदा आत आला. दार लावून हळूच म्हणाला, "सर, त्यो महादेव हाय न्हवं? त्याला फसवून आणलंय. बोलू नगा!"

मी कुणालाच काही बोललो नाही. दोघांना शेजारशेजारच्या कॉट दिल्या!

*

त्याच वॉर्डात संभा पैलवान होता. जिमला जाता जाता ताकदीच्या इंजेक्शनाची सवय लागलेली. आमच्या डॉक्टर मॅडमच्या माहेरी गोठा. त्या समजावत होत्या, "म्हशीला रोज पान्ह्याचं इंजेक्शन टोचलं की ती आपसूक पान्हा सोडत नाही. मेंदूचंही तसंच. बाहेरून नशा मिळत गेली की स्वतःचा आनंद तयार करणं तो कमी करतो. थांबवलं की आधी काहीच गोड लागत नाही. मग हळूहळू सावरतो."

पैलवान गंभीर झाला. "म्हंजी मॅडम, मी म्हस झालो व्हय?"

"झाला होतास. आता माणसात येतोयस!"

*

पहिले काही दिवस पैलवान जेवायचाच नाही. सगळं मातीगत लागायचं. एका दुपारी रश्श्यात भाकरी बुडवली आणि ओरडला, "मावशी, मीठ कमी हाय!"

चव परत आली! मॅडमनी टाळ्या वाजवल्या, सगळ्या वॉर्डनं वाजवल्या.

स्वयंपाकाच्या मावशी तेवढ्या फणकारल्या, "जीभ मेलेली हुती तेच बरं हुतं!"

*

महादेव बरा होऊन घरी गेला. काही दिवसांनी त्याच्या बायकोचा फोन. आवाज घाबरलेला. "सर, ह्यांचं कायतरी बिघडलंय."

मी विचारलं, "परत सुरू केलं काय?"

"न्हाय वो. सकाळी उठून च्या केला. माझ्यासाठनं! वर इचारत्यात, साखर बरी हाय का?"

"मग?"

"मग काय! म्हटलं, आदी तुम्ही पिऊन दावा!"

*

पैलवानही घरी गेला होता. पण एका रविवारी बघतो तर केंद्राच्या पायरीवर बसलेला. डोळे तांबडे. इंजेक्शन पुन्हा सुरू झालेलं. मी बोलावलं, मॅडमनी बोलावलं. उठेना. "सगळ्यांनी हार घालून सोडलं हुतं. आता कुठल्या तोंडानं आत येऊ?"

बऱ्या झालेल्यांच्या रविवारच्या बैठकीला महादेव आला. पैलवानाशेजारी बसला. मग महादेव उठला, पैलवानाची पायरीवर काढलेली चप्पल उचलली आणि सरळ आत निघून गेला.

"ए! चप्पल!" पैलवान अनवाणी मागं धावला. पार वॉर्डात. "चप्पल दे माझी!"

"घरी जाताना मिळंल," महादेव म्हणाला आणि चप्पल कपाटात टाकली.

पैलवान उभा राहिला. कपाटाकडं बघितलं, रिकाम्या कॉटकडं बघितलं. मग कॉटवर बसत म्हणाला,

"नीट ठेव. नवी हाय."