खड्ड्यांची बातमी, आभाराची भाषणं

पत्रकारितेच्या पदविकेचं प्रात्यक्षिक मला सोपं वाटलं होतं. आपल्या भागातला एक प्रश्न घ्यायचा, मोबाइलवर तीन मिनिटांची बातमी करायची आणि सोमवारी वर्गात दाखवायची. त्यात गावकऱ्यांचं म्हणणं हवंच, नाहीतर नापास. मी आमच्याच गावचा प्रश्न घेतला. दिंद्रुडकडून येताना फाट्यावर उतरलं की गावापर्यंत रस्ता कमी आणि खड्डेच जास्त.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. आईवडील ऊसतोडीला गेलेले, म्हणून रविवारी सकाळी चुलतीकडे उतरले. पारावर जाऊन कॉलेजचा माइक पिशवीतून काढला आणि "टीव्हीवाले आले" अशी हाळी गेली. सतरंजी आली. कुणीतरी शाल-नारळ आणायला पळालं, आणि एकही प्रश्न विचारायच्या आत माझा सत्कार झाला. आमच्याकडे माइक म्हणजे कार्यक्रम, आणि कार्यक्रम म्हटला की सत्कार आलाच.

वर्गात शिकवलं तसं मी सरपंचकाकांना विचारलं, "गावासमोरील रस्त्याच्या समस्येविषयी आपण काय सांगाल?"

काकांनी टोपी सारखी केली. "सर्वप्रथम, उपस्थित सर्व मान्यवरांचे मी आभार मानतो..."

ते आभारच मानत राहिले. मग सोसायटीच्या चेअरमननी सरपंचांचे आभार मानले. शेजारचे आजोबा एरवी त्या रस्त्याला रोज शिव्या देतात. तेही हात जोडून म्हणाले, "गावचा विकास उत्तम प्रकारे चालू आहे."

दुपार कलली, मोबाइलची बॅटरी उतरत चालली आणि बातमीत रस्ताच नव्हता. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. शेवटी चुलती डोक्यावर पदर घेऊन पुढे आली. "सर्वप्रथम..."

"काकू, आसं नगं ना बोलू!"

"मंग कसं बोलू? तूच साहेबिणीवानी इचारायलीस. समस्येविषयी म्हणं!"

सगळे हसले. मलाही हसू आलं, कारण तिचं खरंच होतं. मी घरच्यासारखं विचारलं, "बरं, परवा फाट्यावरून येताना काय झालं गं?"

"काय व्हायचंय? दळणाचा डबा घेऊन गाडीवर बसले, तर ह्यांनी गाडी घातली खड्ड्यात. मी एकीकडं, पीठ एकीकडं. घरी लेकरं उपाशी, खड्डा पोटभर जेवला!"

"पिठाचं काय घिऊन बसलीस," आजोबा उसळले, "माझी कवळी अजून तिथंच हाय!"

"सरपंच, तुमी बी पडलाव का न्हाई?" मागून कुणीतरी ओरडलं.

"पडलो की! लई लागलं," सरपंचकाका गुडघा दाखवत म्हणाले.

सगळे एकदम बोलायला लागले. बॅटरी संपेपर्यंत मी माइक फिरवत राहिले.

सोमवारी वर्ग पोट धरून हसला. सरांनी आजोबांचं बोलणं दोनदा लावलं आणि म्हणाले, "छान. पास." ज्या बोलीची कॉलेजात मला लाज वाटायची, तिनेच मला तारलं होतं. मी बाहेर येऊन लगेच चुलतीला फोन लावला.

"काकू, झाले पास!"

"लई ब्येस झालं, माय! मंग रस्ता कवा करायलेत?"

"अगं, अजून कुठं? ही बातमी फक्त वर्गात दाखवली."

"वर्गात दावून काय खड्डा बुजतुय का? जिथं दावायची तिथं दाव की!"

त्याच दुपारी मी ती बातमी घेऊन बांधकाम खात्याच्या कचेरीत गेले.