सुक्या झिंग्यांची चटणी आणि न्यूयॉर्कचं डेअरी हॉटेल

बाबांना न्यूयॉर्क दाखवायचं, हे त्यांचं तिकीट काढायच्या आधीच मी ठरवून टाकलं होतं. सत्त्याण्णव साल असावं. मी मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत राहून सॉफ्टवेअरची नोकरी करत होते आणि पोस्टातून रिटायर झालेले बाबा नागपूरहून पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते. उंच इमारती वगैरे सगळं निमित्त. मला त्यांना एवढंच पटवायचं होतं, की इथे कोणी आडनाव विचारत नाही. बाबांनी लहानपणी गावच्या टपरीवर आमच्या लोकांसाठी वेगळ्या टांगलेल्या कपातून चहा प्यायलेला आहे आणि तो कप स्वतः विसळून परत खुंटीला अडकवला आहे. आपली मुलगी त्यातून पार सुटली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावं अशी माझी फार इच्छा होती.

रविवारी पहाटे निघालो. मास पाइक या टोलच्या हायवेवरून चौऱ्याऐंशी नंबरच्या रस्त्याला लागायचं, हार्टफर्ड मागे टाकायचं, की चार तासांत मॅनहॅटन. टोलसाठी सुटी नाणी पुढ्यात ठेवा, नाहीतर माझ्यासारखी पर्स सीटवर उपडी करावी लागते. तिथल्या लोअर ईस्ट साइडला दहाच्या आत पोचलात तर रस्त्यावरच पार्किंग मिळतं. निदान तेव्हा मिळायचं.

दुपारपर्यंत चालून चालून बाबांचे पाय बोलायला लागले. "पिझ्झा-बर्गर नको आता. गरम, पातळ काही असेल तर पाहा," ते म्हणाले. माझ्या ऑफिसातल्या एका ज्यू सहकाऱ्यानं या भागातलं एक जुनं कोशर डेअरी हॉटेल सांगून ठेवलं होतं. डेअरी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर लस्सी आणि पेढे. आत पाहते तर लांबलचक काउंटर, समोर गोल फिरणारी स्टुलं आणि पलीकडे पांढरा एप्रन घातलेले सत्तरीचे आजोबा.

इथून माझा गोंधळ सुरू झाला तो अजून संपलेला नाही. ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या कोशर नियमात मांस आणि दूध एका स्वयंपाकघरात चालत नाही, म्हणून इथे मांस अजिबात नाही. म्हणजे शाकाहारी, असं मी समजले. मेन्यू उघडला तर मासे! मासे म्हणजे मांस नव्हे, असं त्यांचं गणित. बरं, नसेल. मी मशरूम आणि बार्लीचं सूप, बटाटा भरलेल्या पिरोगी, म्हणजे आपल्या करंजीच्या उकडलेल्या बहिणी, आणि ब्लिंट्झ, म्हणजे चीज भरून गुंडाळलेली पातळ धिरडी, मागवले. सूप जाडसर, वाफाळतं, बरोबर गोडसर ब्रेड आणि हवं तेवढं लोणी. दोघांचं मिळून वीस डॉलरच्या आत भागतं. बाबांनी सूप संपवून समाधानानं मिशा पुसल्या.

पिरोगी मात्र त्यांना अळणी लागल्या. त्यांनी खिशातून आईनं दिलेली डबी काढली. सुक्या झिंग्यांची चटणी. ही डबी त्यांच्याबरोबर नायगाऱ्यालाही जाऊन आली होती. मासे चालतात तर झिंग्यांना कोण अडवतंय, असं मला वाटलं. बाबांनी सढळ हातानं चटणी भुरभुरवली. वास सुटला.

काउंटरवरचे आजोबा थबकले. "ते काय आहे?"

"ड्राइड श्रिम्प," मी अभिमानानं म्हणाले. "होममेड!"

त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी कागदी रुमालात धरून बाबांसमोरचं ताट उचललं, काट्यासकट मागच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि काउंटर खसाखसा पुसायला घेतला. ताट. चांगलं चिनी मातीचं ताट.

बाबा उठून उभे राहिले. त्यांचा तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. "चल," ते म्हणाले. "एवढ्या लांब मले हेच दाखवायले आणलं का तू?"

मला रडू आलं. "बाबा, तसं नाहीये," एवढंच म्हणता आलं. कसं आहे, ते मला तरी कुठे ठाऊक होतं?

दारापर्यंत गेलेले बाबा परत फिरले. काउंटरवर दोन्ही हात ठेवून पोस्टातल्या इंग्रजीत त्यांनी थेट विचारलं, "फूड इज प्रॉब्लेम? ऑर आय ॲम प्रॉब्लेम?"

आजोबा गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. "तुम्ही? तुम्ही कशाला? बसा! झिंग्यांना खवले नसतात, म्हणून ते कोशर नाहीत. ते लागलेलं ताट मला इथे ठेवता येत नाही. माझा सख्खा भाऊ ते घेऊन आला, तरी ताट टाकीन. आणि भावाला चार शब्द ऐकवीन."

बाबांनी बर्फाच्या पाण्याचा आपला अर्धा प्यायलेला ग्लास उचलला आणि त्यांच्यासमोर ठेवला. "ड्रिंक."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आजोबांनी ग्लासाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. हा काहीतरी भारतीय रिवाज असावा असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी ग्लास उचलला, दोन घोट प्याले आणि म्हणाले, "ओके? आता ब्लिंट्झ खा, गार होताहेत."

बाबा बसले. नवीन ताट सगळ्यांच्याच ताटांच्या चळतीतून आलं, हे त्यांनी मान वाकडी करून पाहून घेतलं. मग दोन्ही ब्लिंट्झ त्यांनीच संपवले. मला एक घासही मिळाला नाही, त्यामुळे चव विचारू नका.

तुम्ही जाणार असाल तर शनिवारी जाऊ नका, बंद असतं. आणि घरचं काहीही, अगदी साधं लोणचंसुद्धा, तिथे उघडू नका.

परतीच्या वाटेवर बाबा स्वतःशीच वाद घालत होते. "ताट टाकलं म्हणजे विटाळच झाला ना?" थोड्या वेळानं, "पण उष्टं पाणी प्याला गडी." हार्टफर्डपाशी पुन्हा, "वस्तूचा विटाळ मानतो, माणसाचा नाही. असं राहू शकते का?" आजही ते कचऱ्यात गेलेलं ताट आठवलं की खुंटीवरचा तो कप डोळ्यांसमोर येतो आणि ते दोन घोट आठवले की त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटतं. दोन्ही एकाच वेळी होतं.

श्रूजबरीत घरासमोर गाडी लावत होते, तेव्हा बाबांनी विचारलं, "तुझ्या इथल्या मराठी लोकांमधलं कोणी पिईल का गं, तुझ्या ग्लासातलं?"

आदल्या वर्षी एका मराठी पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं घरून पदार्थ न्यायच्या जेवणाला, मी वांग्याचं भरीत नेलं होतं. एका काकूंनी हसत हसत आडनाव विचारलं, मी सांगितलं. भरलेलं भांडं मी तसंच्या तसं घरी आणलं होतं आणि भरीत फार तिखट झालं असेल, अशी स्वतःची समजूत घातली होती.

"माहीत नाही, बाबा," मी म्हणाले. माहीत होतं.